शिकवणारे घर : बिलोलीच्या मुलखातून एक आढावा

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांतून एक विचार हळूहळू मूळ धरीत आहे. मुलास शाळेत न घालता घरीच शिकवावे, घरातील अनावश्यक वस्तूंचा पसारा काढून टाकावा, त्यातून वाचलेला पैसा व वेळ प्रवासासाठी ठेवावा आणि सणसमारंभ बाजाराच्या स्वाधीन न करता घरच्या माणसांनी आपल्या हातांनी साजरे करावेत, अशी ही चतुःसूत्री आहे. तिच्यामागील प्रेरणेच्या शुद्धतेविषयी मला शंका नाही. परंतु महानगरातील सुस्थित घरात जो विचार सहज रुजतो, तो तेलंगणाच्या हद्दीला टेकलेल्या, मराठीबरोबर तेलुगू आणि दखनीही ज्याच्या बाजारात रोज ऐकू येते अशा बिलोलीसारख्या तालुक्यात कितपत लागू पडतो, हे पाहिल्यावाचून त्याचे खरे मोल ठरविता येणार नाही. म्हणून या चारही अंगांचा क्रमाने आढावा घेण्याचे योजिले आहे. माझे प्रतिपाद्य आरंभीच सांगतो, ते हे की ही चार अंगे वस्तुतः एकाच गोष्टीची आहेत, आणि ती गोष्ट म्हणजे वडीलधाऱ्यांनी मुलांना दिलेला स्वतःचा वेळ.

घरी शिकणे ही आपल्याकडे नवी कल्पना नव्हे. इंग्रजी अंमलापूर्वी आणि निजामी मुलखात त्यानंतरही पुष्कळ काळ, धूळपाटीवर अक्षरे गिरविणे, पावकी-निमकी-पाऊणकी तोंडपाठ करणे आणि मोडीचे वळण हाताला लावणे हे सर्व घराच्या ओसरीवर अथवा गावच्या पंतोजींच्या घरी चालत असे. मात्र हे शिक्षण ज्यांच्या वतनाला किंवा व्यापाराला लेखणीची गरज होती, त्यांच्याच मुलग्यांपुरते होते. कुळकर्ण्याचा मुलगा दप्तर सांभाळण्यासाठी शिके आणि सावकाराचा मुलगा खातेवही लिहिण्यासाठी. मुली, अस्पृश्य मानलेल्या जाती आणि राबणारी कुळे यांच्या घरांत शिकविणाराच नव्हता, मग शिकणार कोण? घर हीच ज्या समाजात एकमेव शाळा असते, तेथे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात कोंडून राहते, ही गोष्ट गृहशिक्षणाच्या आजच्या पुरस्कर्त्यांनी विसरता कामा नये.

तथापि याच परंपरेतून काही तेजस्वी अपवाद निर्माण झाले आणि त्यांत पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या विषयाच्या दृष्टीने अपूर्व आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लोकांच्या रोषापासून दूर, गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. तेथे 1858 साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते कायमचेच. एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्री पायी जावे, पुराण सांगावे, मिळेल त्यावर निर्वाह करावा, आणि या अखंड प्रवासात आईने मुलीला भागवत व व्याकरण मुखोद्गत करवावे, असा त्यांचा क्रम होता. शाळा नाही, घर नाही, संग्रह नाही. आणि तरीही 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वत्सभेने ज्या तरुणीला ‘पंडिता’ ही पदवी अर्पण केली, ती याच वाटचालीत घडली होती. परंतु या चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दुष्काळात ह्याच कुटुंबाची उपासमार झाली, आई-वडील व थोरली बहीण एकामागून एक गेली, आणि भावासह पायपीट करीत उरलेल्या रमाबाईंना अन्नवस्त्राचीही भ्रांत पडली. एवढे भोगून रमाबाईंनी पुढे काय केले? 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि नंतर केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळात सापडलेल्या मुलींना आसरा देऊन शिकविले. जोतीरावांनी घरी शिकविलेल्या सावित्रीबाई 1848 साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी घरी शिकविलेल्या रमाबाई रानडे सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या. घरी शिकलेल्या या तिन्ही स्त्रियांनी आपले ज्ञान शाळा काढून दुसऱ्यांच्या मुलींपर्यंत पोहोचविले, यातच गृहशिक्षणाविषयीचा इतिहासाचा निर्णय सामावलेला आहे.

मराठवाड्यात तर शाळेचा अर्थच निराळा आहे. निजामाच्या अंमलात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ त्याच भाषेतून चाले, आणि मातृभाषेतून खाजगी शाळा काढावयाची तर सरकारी परवानगीच्या अडचणी उभ्या राहत. अशा काळात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांसारख्या संस्थांतून स्वामी रामानंद तीर्थांसारख्या शिक्षकांनी अक्षरांबरोबर स्वातंत्र्याची आकांक्षाही पेरली. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, आणि 1959 मध्ये बिलोली तालुक्यातच सगरोळी येथे बाबासाहेब देशमुखांनी संस्कृती संवर्धन मंडळाची स्थापना करून खेड्यातील मुलांसाठी शिक्षणाची वाट मोकळी केली. ज्या मुलखात शाळेचे दार उघडण्यासाठी दोन पिढ्या झिजल्या, तेथील आजोबा-आजींना ‘शाळेवाचून शिक्षण’ हा शब्दप्रयोग रुचत नाही, यात त्यांच्या अनुभवाचे शहाणपण आहे.

आता कायद्याची स्थिती पाहू. 2002 च्या 86व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि तदनुसार झालेला 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. मुलाला शाळेत दाखल करणे हे त्याच्या कलम 10 अन्वये पालकाचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकास शिक्षा सांगितलेली नाही, आणि गृहशिक्षणाला स्पष्ट मान्यताही दिलेली नाही. याच कायद्याच्या कलम 4 अन्वये शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयास अनुरूप अशा वर्गात प्रवेश मिळू शकतो, म्हणजे परतीचा रस्ता खुला आहे. परीक्षेच्या बाबतीत राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष अशी पायरी-पायरीची व्यवस्था आहे आणि तिची दहावीची परीक्षा वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. महाराष्ट्र राज्याचेही स्वतंत्र मुक्त विद्यालय मंडळ आहे. आणि आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून दहावी-बारावीला बाहेरून बसण्याची सोय तर फार जुनी आहे. सारांश, घरी शिकलेल्या मुलाचे पुढील मार्ग बंद होत नाहीत. परंतु मुदतीत फॉर्म भरणे, दाखले जमविणे, केंद्र गाठणे हा सर्व व्याप पालकाला एकट्याने उचलावा लागतो, आणि ज्याला कचेरीचे कागद वाचण्याची सवय नाही त्याला तो पेलवत नाही.

जगात या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन टोकांच्या दृष्टी आहेत. अमेरिकेत जॉन होल्ट या शिक्षकाने शाळेतील भीतीमुळे मुलाची बुद्धी कशी आखडते हे 1964 च्या आपल्या ग्रंथात दाखविले आणि पुढे शाळेवाचून वाढण्याचा पुरस्कार करणारे नियतकालिक 1977 पासून चालविले. तेथे आज सर्व राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर आहे. याउलट जर्मनीत शाळेची उपस्थिती सक्तीची असून घरी शिकविण्याची मुभा जवळजवळ नाहीच. आपल्या देशात मात्र या दोहोंहून वेगळी, शाळेलाच घराजवळ आणणारी अशी तिसरी परंपरा आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. 1937 च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नयी तालीमने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसविले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी थेट आदिवासींच्या अंगणात नेली. हेमलकशाला प्रकाश व मंदाकिनी आमटे यांची मुले माडिया मुलांच्या बरोबरीने आश्रमशाळेतच शिकली. आपल्या मुलासाठी जे उत्तम, ते शेजारच्या मुलालाही मिळावे, ही दृष्टी या तिन्ही प्रयोगांत समान आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळले म्हणजे दोन दृश्ये डोळ्यांपुढे उभी राहतात. पहिले दृश्य लातूर आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांचे. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ख्यातनाम झालेल्या पद्धतीने ग्रामीण मुलांना वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडून दिली, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्यापायी कित्येक घरे दोन ठिकाणी विभागली गेली आहेत. आई मुलाबरोबर शहरात खोली करून राहते, बाप गावी शेत पाहतो, आजी एकटी चूल पेटविते, आणि धाकटे भावंड कधी इकडे, कधी तिकडे असते. दुसरे दृश्य ऊसतोडीचे. दिवाळीच्या सुमारास मुखेड-कंधारकडील कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या हद्दीकडे निघतात, तेव्हा त्यांची मुलेही शाळेबाहेर असतात, प्रवासात असतात आणि कमीत कमी वस्तूंत राहतात. बाहेरून पाहता शहरी गृहशिक्षणाच्या साऱ्या खुणा येथे दिसतील. परंतु येथे निवड नाही, केवळ नाइलाज आहे. साधेपणाला मूल्य येते ते तो स्वेच्छेने पत्करलेला असतो तेव्हाच. लादलेल्या अभावाला साधेपणाचे नाव देणे हा त्या माणसांवर अन्याय आहे. या मुलांसाठी साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे टिकविणे हे कोणत्याही गृहशिक्षणाच्या चर्चेपूर्वीचे कर्तव्य होय.

मग बिलोलीच्या सामान्य शेतकरी किंवा नोकरदार कुटुंबाने घरी काय शिकवावे? माझ्या मते, शाळा जे शिकवू शकत नाही ते. सहावी-सातवीतील मुलाला बापाने सातबारा वाचावयास द्यावा, गट क्रमांक, क्षेत्र, आकार आणि पीकपाहणीचा रकाना समजावून सांगावा, मग दोरी घेऊन बांधावर न्यावे आणि एका गुंठ्यात 1089 चौरस फूट व एका एकरात 40 गुंठे कसे बसतात ते त्याच्याच हातांनी मोजून घ्यावे. क्षेत्रफळाचा धडा जो पुस्तकात कोरडा वाटतो, तो येथे घरच्या मिळकतीचा धडा होतो; भाऊबंदकीच्या वादात पुढे जे वर्षानुवर्षे कोर्टकचेरीत झिजतात, त्यांना लहानपणी एवढे कोणी शिकविले असते तर पुष्कळ तंटे बांधावरच मिटले असते. धर्माबादच्या मिरची बाजारात भाव, वजन, घट व आडत यांचा हिशोब मुलाने वहीत मांडावा. शेजारच्या तेलुगू भाषिक घरात त्याला मोकळेपणी खेळू द्यावे, म्हणजे दुसरी भाषा आपोआप त्याची होईल. रात्री अर्धा तास मोठ्याने वाचन करावे. 1971 पासून निघत असलेले ‘किशोर’ मासिक मुलांसाठी आणि 1987 पासूनचे ‘पालकनीती’ आई-वडिलांसाठी, एवढी सामग्री आरंभाला पुरेशी आहे.

घरातील पसाऱ्याचा विचार याच क्रमाने यावा. जपानच्या मारी कोंडो यांच्या पुस्तकाने वस्तू काढून टाकण्याचा विचार अलीकडे जगभर पोहोचविला; पण आपल्या खेड्यांत घटस्थापनेपूर्वी जे घडते ते पाहिले म्हणजे या शिस्तीची मुळे आपल्या पंचांगातच आहेत असे दिसते. त्या आठवड्यात माळवदाच्या घरातील उतरंडी उतरवितात, फडताळे रिकामी होतात, भिंतींना पोतेरे फिरते, आणि घरातील यच्चयावत वाकळी व गोधड्या नदीवर वा विहिरीवर धुऊन काढतात. विरलेल्या लुगड्याची वाकळ होते, वाकळीचे पायपुसणे होते. जुने कपडे बोहारणीकडे जातात आणि फुटके पितळ मोडीत घालून नवे भांडे येते. म्हणजे वस्तू काढणे आणि वस्तू पुरेपूर वापरणे ही एकाच शिस्तीची दोन अंगे होती. आज हप्त्याने घेतलेल्या वस्तूंनी आणि लग्नात आलेल्या, कधीच न वापरल्या जाणाऱ्या आहेराच्या भांड्यांनी जी कपाटे भरली आहेत, त्यांचा खरा भार घरावर नसून हप्ते फेडण्यासाठी जादा राबणाऱ्या माणसांच्या वेळेवर आहे. अभियंत्याची नोकरी सोडून दापोलीजवळच्या कुडावळे गावी राहावयास गेलेल्या दिलीप कुलकर्णी यांनी ‘निसर्गायण’ या ग्रंथातून व ‘गतिमान संतुलन’ या मासिकातून अल्प गरजांच्या जीवनाची मांडणी केली, तिचे मर्म हेच आहे की गरजा कमी केल्याने आयुष्य मोकळे होते. नवी वस्तू घरात आणण्यापूर्वी ती कोणत्या तासांच्या मोबदल्यात येत आहे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने विचारावा.

प्रवासाविषयी शहरी कल्पना दूरच्या पर्यटनस्थळांची असते. बिलोलीला रेल्वे नाही. गाडी धरावयाची तर धर्माबाद गाठावे लागते. पण एका दिवसाच्या टप्प्यात या तालुक्याभोवती जे आहे, ते एखाद्या विद्यापीठाला पुरावे इतके आहे. खुद्द बिलोलीत जुनी दगडी मशीद आहे. देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत, कंधारला राष्ट्रकूटांच्या काळाशी नाते सांगणारा किल्ला आहे, आणि नांदेडला 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला त्या हुजूर साहिबच्या लंगरमध्ये कोणत्याही जातिधर्माचे मूल पंगतीला बसून समतेचा पाठ प्रत्यक्ष घेऊ शकते. मांजरा नदीचाच मागोवा घ्यावा. बालाघाटच्या डोंगरात उगम पावून ती लातूर, बिदर आणि तेलंगणातून वळसा घेत पुन्हा आपल्या सीमेवर येते व कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. तिच्याच खोऱ्यातील लातूर शहराला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे संगमावर उभे राहून मुलाला सांगितले तर भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय एका दुपारी एकत्र येतात.

आणि धर्माबादच्या पुढे हद्द ओलांडली की बासर लागते. गोदातीरीच्या त्या सरस्वती मंदिरात मराठी व तेलुगू मुलखांतील कुटुंबे अक्षराभ्यासासाठी लेकरांना घेऊन येतात, आणि वसंत पंचमीला तर तेथे अपार गर्दी लोटते. नवी पाटी असते, मूल बापाच्या मांडीवर बसलेले असते, त्याचे इवलेसे बोट मोठ्या हातात धरून पहिले अक्षर काढविले जाते, आई पदराने त्याचा घाम पुसते. प्रवास, उत्सव आणि विद्यारंभ हे तिन्ही येथे एका विधीत मिळालेले आहेत, आणि मुलाचे पहिले अक्षर आई-बापांच्या हातातून उमटावे ही दृष्टी त्यात आहे. खेद एवढाच वाटतो की पुष्कळ घरांत तो हात त्या दिवसानंतर पुन्हा पाटीकडे वळत नाही.

उत्सवांपैकी एकाचाच विस्तार करतो. लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या दक्षिण भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या, म्हणजे आपली येळवस, साजरी होते. त्या दिवशी लातूर शहरात शुकशुकाट असतो, कारण सारे शहर शेतात गेलेले असते. ज्वारी कणसाला आलेली, हरभरा घाटे धरीत असलेला, आणि उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तिच्यात पाच पांडवांचे पाच दगड पूजेला मांडलेले. अनेक भाज्या आणि ओले दाणे एकत्र शिजवून केलेली भज्जी, मडक्यातली गार आंबिल, उंडे आणि खीर यांचे जेवण होते, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसविले जाते. या सणाला विकत आणावे असे फारसे काही लागत नाही, आणि तरीही मुलांच्या स्मरणात तोच सर्वांत श्रीमंत राहतो. याच्या शेजारी आजचे लग्नसमारंभ ठेवून पाहावेत. मंडप, वाजंत्री, मानपान आणि जेवणावळी यांसाठी शेत गहाण पडते, आणि त्याच घरातील मुलीचे शिक्षण ‘ऐपत नाही’ म्हणून थांबते. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून हेच बजावले की ऋण काढून सण करू नका. प्रसंगी ताटवाट्या विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण लेकराला शाळेत घाला. वस्तूंचा त्याग, साधा उत्सव आणि मुलाचे शिक्षण या तिन्हींची सांगड त्यांनी एका वाक्यात घातली होती.

एका आक्षेपाचा विचार केल्यावाचून हा आढावा पूर्ण होणार नाही. साध्या जीवनाचा आणि घरच्या शिक्षणाचा भार व्यवहारात आईवर पडतो. घटाआधीची धुणी तिने धुवावीत, येळवशीची भज्जी तिने पहाटे उठून शिजवावी, शेतात निंदणीही तिनेच करावी, आणि रात्री मुलांचा अभ्यासही तिनेच घ्यावा, अशी रचना असेल तर तो साधेपणा एका माणसाच्या श्रमांवर उभारलेला आहे, आणि तो न्याय्य नव्हे. 2020 साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा घरातला एकच मोबाइल तीन भावंडांत फिरत होता आणि अभ्यासाची विचारपूस आईच करीत होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून घराने शिकवावे असे म्हणताना बापाने शिकवावे, आजोबांनी सांगावे, मुलग्यांनी भांडी घासावीत, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे.

एवढ्या विवेचनानंतर माझा निर्णय असा आहे. ज्या आई-बापांपाशी विद्या, वेळ आणि समवयस्क मुलांच्या सहवासाची तजवीज आहे, त्यांनी मुलाला पूर्णपणे घरी शिकविले तर त्यांना दोष देऊ नये. पण त्यांची वाट ही सर्वांची वाट होऊ शकत नाही, आणि बिलोलीसारख्या मुलखात तर जिल्हा परिषदेची शाळा ओस पडेल अशी कोणतीही निवड आत्मघातकी ठरेल. येथील कुटुंबाने मुलाला शाळेत घालावे, शाळेच्या सभेला हजर राहावे, शिक्षकाकडे हक्काने विचारणा करावी, आणि शाळा सुटल्यानंतरचे तास मात्र शिकवणीवर्गाला किंवा पडद्याला विकू नयेत. या दिवाळीपूर्वी एक कपाट रिकामे करा, एक अनावश्यक हप्ता टाळा, त्यातून वाचलेल्या पैशात मुलांना होट्टल किंवा कंदकुर्ती दाखवून आणा, आणि रोज रात्री अर्धा तास त्यांच्याबरोबर पुस्तक घेऊन बसा. आणि जमल्यास त्या अर्ध्या तासाला शेजारच्या, ज्याच्या घरी वाचणारे कोणी नाही, अशा एका मुलालाही बोलवा.